पेपर होईस्तोवर

सोयाबीनची धूळ आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. सकाळी अंगणात आलं की घसा खवखवतो, दोन शिंका येतात आणि समजतं, गावात मळणी सुरू झाली. मग कुठूनतरी मशीनची घरघर ऐकू येते. वाळलेल्या शेंगांचा तो कडवट, तापलेला वास सगळ्या आष्टीवर पसरतो, दोरीवरच्या कपड्यांत शिरतो, उशीच्या खोळीत जाऊन बसतो. बाकीच्यांना या वासानं दिवाळी जवळ आल्यासारखी वाटते. मला मात्र तो नकोसा होतो. तीन वर्षं झाली, दर वर्षी होतो.

या वर्षी वासासोबत एक ईमेलही आला. तुमच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली आहे, असं त्यात अदबीनं कळवलं होतं. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी कॉम्प्युटर नेटवर्किंगची परीक्षा पास झाले होते. ते प्रमाणपत्र तीन वर्षांत शिळं होतं. ताजं ठेवायचं तर त्याच्या पुढची एखादी परीक्षा पास व्हायची. कोणती, ते आपण ठरवायचं. मुदतीनंतर सवलतीचे म्हणून नव्वद दिवस मिळणार होते. मी ईमेल वाचला, लॅपटॉप मिटला आणि दोरीवरचे कपडे काढून आत आणले. घड्या घालायला बसले तेव्हा कळलं, कपडे अजून ओलेच होते.

माझ्या काळजीचा स्वभाव असाच आहे. ती समोरून येत नाही, हातांना चुकीच्या कामाला लावते. शाळेत असताना निकालाच्या दिवशी मी घरातली सगळी भांडी घासून काढायचे, घासलेलीसुद्धा. आई म्हणायची, हिला दर महिन्याला निकाल लावा.

लग्न होऊन आष्टीत आले तेव्हा माझ्याजवळ जालन्याहून केलेला कॉम्प्युटरचा डिप्लोमा होता. यांची शाळेतली नोकरी, तीही दुसऱ्या गावी. सकाळी लेकीला मोटारसायकलवर पुढं बसवून हे जातात ते संध्याकाळीच येतात. मी घरून एका इंटरनेट कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायचे. दिवसभर एकच जप: राउटर बंद करा, तीसपर्यंत आकडे मोजा, चालू करा. एके दिवशी कंपनीनं कळवलं की दिवाळीनंतर हे फोन यंत्रच घेईल. ज्यांच्याकडं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र असेल त्यांना आतल्या कामावर घेऊ, घरूनच करता येईल. बाकीच्यांना धन्यवाद. आष्टीत बसून करता येईल असं दुसरं काम मला माहीत नव्हतं, आणि आष्टी सोडून जायची माझी तयारी नव्हती. म्हणजे काय ते त्या एका परीक्षेवर होतं.

पहिल्यांदा मी संभाजीनगरच्या केंद्रावर जाऊन ती दिली आणि नापास झाले. नापास हे तिथं इतक्या सभ्य भाषेत लिहिलेलं असतं की दोनदा वाचावं लागतं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. घरी आले तर सासरे दारातच उभे. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडं तसंच म्हणतात. माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी निकाल विचारला नाही. "जेवून घे," म्हणाले, "पुढल्या बारीचं पुढल्या बारीला पाहू."

पुढची बारी आली ती अशी भर मळणीत. दिवाळीच्या आत कुठल्याच केंद्रावर जागा नव्हती. मग घरून द्यायचं ठरलं, कॅमेऱ्यासमोर बसून.

त्या महिन्यातला अभ्यास आठवला की आधी धूळच आठवते. वहीच्या पानांवर ती बसायची, पेन अडखळायचं. पहाटे आत्या गोठ्यात शेण काढत असायच्या आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पत्त्यांचे तुकडे पाडत असायचे. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यांच्या वाटण्या करायच्या असतात. खताच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरच्या पाठीमागं मी त्या वाटण्या करायचे. आत्या जाता जाता डोकावायच्या. "अजून चाल्लीच का तुही वाटनी?" म्हणायच्या. "भावकीत बी येवढा येळ लागत न्हाई."

एक गोष्ट त्यांना फार आवडली होती. मी सांगितलं, राउटर एकमेकांचे शेजारी असतात. दर दहा सेकंदांनी ते एकमेकांना हाक मारतात, मी आहे म्हणून सांगतात. चाळीस सेकंद शेजाऱ्याची हाक आली नाही तर तो मेला असं धरून चालतात आणि सगळे रस्ते नव्यानं आखायला घेतात. आत्यांनी शेणाचा हात तसाच हवेत धरून विचार केला. "कौसाबाईवानीच की," म्हणाल्या.

कौसाबाई आमच्या भिंतीपलीकडची शेजारीण. रोज सकाळी उठल्यावर ती भिंतीवरून हाक मारते, "काय करून राह्यली गं?" आणि आत्या इकडून "च्या ठिवला," असं काहीतरी म्हणतात. त्या बोलण्यात काही नसतं. पण माझ्या लग्नाला आता अकरा वर्षं होतील, एकही सकाळ त्याशिवाय गेलेली मला आठवत नाही. एकच सोडून.

घरून परीक्षा द्यायचे नियम छापून मी भिंतीला लावले होते. परीक्षा सुरू होण्याआधी ते कागदही काढायचे, कारण भिंतीवर लिहिलेलं काही चालत नाही. खोलीत दुसरं कुणी नको. बाहेरून बोलण्याचा आवाज आला तर पेपर थांबवला जाऊ शकतो. ओठ हलवायचे नाहीत. नजर स्क्रीनवरून हलवायची नाही. दोन तास उठायचं नाही. एकदा उत्तर देऊन पुढं गेलं की मागं येता येत नाही. कॅलेंडर उतरवलं. आजेसासऱ्यांचा फोटोही उतरवू लागले तेव्हा आत्या म्हणाल्या, "राहू दे की, ते काय उत्तर सांगनारेत?" मी तरीही उतरवला.

आणि दार बंद ठेवायचं. हा नियम वाचायला सगळ्यात सोपा होता, म्हणून त्याचा कुणी विचारच केला नाही. आमच्या गल्लीत दिवसा दार लावत नाहीत. कुलूप असलं तर माणसं गावाला गेली. नुसतं लोटलेलं असलं तर आत काहीतरी झालंय.

मामांनी त्या दिवशी मोठं काम केलं. मळणीचं मशीन त्याच दिवशी आमच्याकडं येणार होतं आणि आमचं जवळचं वावर अगदी घरामागं. आभाळ भरून आलेलं, काढलेलं सोयाबीन ढिगात पडलेलं, एक पाऊस झाला असता तर काळं पडलं असतं. तरी त्यांनी मशीनवाल्याची समजूत घालून ते आधी नाल्यापलीकडच्या वावरात नेलं. "बाराएकपर्यंत हिकडं आवाज यायचा न्हाई," मला सांगून गेले. दसऱ्याआधी छातीत दुखून ते जालन्याच्या दवाखान्यात होते. घरी आल्याला आठ दिवसही झाले नव्हते. डॉक्टरांनी आराम लिहून दिलेला कागद खिशात घालून ते शेतात जायचे.

आत्यांकडं दाराची राखण होती. कुकरची शिट्टी नको म्हणून त्यांनी त्या दिवशी गॅस पेटवलाच नाही. डोक्यावर पदर घेऊन त्या ओट्यावर बसल्या, दाराला पाठ लावून.

या वर्षी मी ते सगळं पुन्हा बघते आहे, कारण ठरवायचं आहे. तीन वाटा आहेत. एक सिक्युरिटीची, म्हणजे नेटवर्कची राखण. तीत सगळीकडं संशय घ्यायला शिकवतात, आणि तेवढा माझ्याजवळ आधीच आहे. दुसरी क्लाउडची. त्यात यंत्रं कुठं आहेत ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टींची मला धास्ती. तिसरी आहे त्याच वाटेवरची वरची पायरी, नुसतं पुस्तक हातात धरलं तर मनगट दुखेल एवढी. पुण्याहून आमचे साहेब आठवड्याला विचारतात, "मॅडम, पुढचं काय ठरलं?" मी म्हणते, बघतेय. हे खरं आहे. मी रोज बघते. तिन्ही पानं उघडते, एकीची तारीख निवडते, नाव घालते, शेवटचं बटन दाबायच्या आधी बंद करते. परवा हे शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "अगं, प्रश्न तर तुला येतात. कशाला भितीस?"

प्रश्नांना मी भीत नाही, हे त्यांना सांगता आलं नाही. सांगायचं तर त्या दिवसाचं सगळंच सांगावं लागलं असतं.

अकराला पेपर सुरू झाला. पहिला अर्धा तास बरा गेला. मग भिंतीपलीकडून कौसाबाईची हाक आली. नेहमीची, जरा उशिरानं, बहुतेक ती शेतातून काही न्यायला आली असावी. "काय करून राह्यली गं?" आत्यांनी उत्तर दिलं नाही. पुन्हा हाक आली. पुन्हा काही नाही. कॅमेऱ्यापलीकडं बसलेल्या माणसानं ऐकलं असेल का, याच विचारात दोन प्रश्न गेले.

मग बराच वेळ शांत. आणि मग चपलांचा आवाज. एक, दोन, चार. कुणीतरी नाक ओढलं. एक हुंदका निघाला आणि तोंडावर हात दाबल्यासारखा मधेच तुटला. पुन्हा चपला. आता पुष्कळ. आमच्या अंगणात माणसं जमत होती आणि कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं न बोलता एका दारात कधी जमतात हे मला माहीत होतं. गावातल्या कुणालाही माहीत असतं.

मामा, असं मनात आलं. नाल्यापलीकडं. छाती.

स्क्रीनवर तेव्हा शेजाऱ्यांचाच प्रश्न होता. दोन राउटर एकमेकांशी बोलत नाहीयेत, कारण कोणतं. मी खुर्चीच्या दोन्ही कडा धरल्या. उठले तर पेपर संपणार, नोकरी संपणार. न उठले तर. पुढं विचार गेला नाही. मी दोन्हींकडची हाकेची वेळ ताडून पाहिली. एकीकडं दहा लिहिलं होतं, दुसरीकडं तीस. मी बरोबर पर्यायावर खूण केली आणि पुढं गेले.

आजही मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची. मी रडले नाही. घरात माणूस गेलं असं मला पक्कं वाटत होतं आणि मी पन्नास मिनिटं एकामागून एक उत्तरं देत बसले, आणि ती बरोबर येत होती. पहिल्यांदा शांत खोलीत बसून जी चुकली होती, तीसुद्धा.

शेवटच्या प्रश्नाच्या सुमारास बाहेर एकदम गलका झाला आणि दबला. मला वाटलं, मामांना आणलं. मग पडद्यावर पास असं आलं. मी ते वाचलं आणि मला काहीच झालं नाही. कॅमेरा बंद झाल्याची खात्री केली, मगच उठले. हेही मला आठवतं, की मी खात्री केली.

दार उघडलं तर अंगणभर माणसं. बाया ओट्याखाली, पुरुष गल्लीत खांद्यावर टॉवेल टाकून. मधोमध मामा उभे. केसांत, मिशांत, भुवयांवर सोयाबीनचा भुसा. दोन माणसं सरणाच्या लाकडांची सोय बघायला निघाली होती, ती त्यांना नाल्यावरच भेटली. मामांनी विचारलं, "कुठं निघाले?" त्यांना सांगता येईना. मामांनी त्यांना तसंच सोबत घेतलं आणि कुणाच्या घरी काय झालं ते बघत बघत स्वतःच्याच दारात येऊन थांबले.

दिवसा बंद दार, हाकेला उत्तर नाही, स्वयंपाकघरात खुडबुड नाही, ऐन मळणीत ओट्यावर पदर घेऊन बसलेली बाई आणि नुकताच दवाखान्यातून आलेला घरधनी. कौसाबाईनं काय वेगळं समजायचं होतं?

मामांना बघितलं आणि मी हंबरडा फोडला. तिथंच उंबऱ्यावर बसून. सगळ्यांना वाटलं पुन्हा नापास झाले. मग कळलं पास झाले, तर वाटलं आनंदानं रडते. कौसाबाईनं मला छातीशी धरलं. "रडू नको गं, पास झाली ना?" म्हणाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तिनं शेजारधर्मानं पिठलं-भाकरी करून आणली होती. ती आम्ही तिघांनी खाल्ली. मामा म्हणाले, माझ्याच मयताचं पिठलं जरा तिखट झालं. अशी खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, ते कुणीतरी म्हणालं. गावात ही गोष्ट अजून सांगतात. लग्नात, पंगतीत. मीही हसते.

आतल्या पन्नास मिनिटांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांनाही नाही. नवीन काम सुरू झालं, ते जमलंही. कुठं काही तुटलं की शोधून काढायला मला आवडतं. पण बोनस आला, कुणी कौतुक केलं की मला त्या खुर्चीच्या कडा हाताला जाणवतात. पुढची परीक्षा म्हणजे पुन्हा तीच खोली, तेच दार. आणि मामा आता तीन वर्षांनी आणखी म्हातारे झाले आहेत.

काल दुपारी आत्या आणि मी पडवीत बियाण्याचं सोयाबीन निवडत बसलो होतो. फुटके दाणे बाजूला, गोल पिवळे सुपात. मामा बाजेवर आडवे, डोळ्यांवर टोपी. मशीन दूर कुठंतरी चालू होतं. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"आत्या, त्या पेपरच्या दिवशी मला वाटलं, मामा गेले. बाहेर मान्सं जमलेली कळली मला. तरी मी उठले न्हाई."

आत्यांचा हात थांबला नाही. दाणे सरकत राहिले. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही.

"मला बी तसंच वाटलं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला? तुम्हाला तर ठाऊक व्हतं ना, मामा वावरात हायेत म्हनून."

"तेच ना. वावरात. मशीनपाशी. कौसा तोंडाला पदर लावून रडत आली. म्या म्हनलं, हिला तिकडून खबर लागली." त्यांनी सूप हलवलं, भुसा फुंकला. "हंबरडा फोडनार व्हती ती. म्या तिच्या तोंडावर हात दाबला. कानात म्हनलं, पोरीचा पेपर होऊ दे. मंग रडू."

"मंग तुम्ही तिला इचारलं न्हाई, काय झालं म्हनून?"

"इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मंग मला बसवलं नसतं."

दाराच्या आत मी आणि दाराला पाठ लावून त्या. मधे दोन बोटं जाडीची फळी. दोघींनाही तेच वाटत होतं आणि दोघीही बसून होतो. तीन वर्षं त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नात, पंगतीत त्याही हसल्या होत्या.

बाजेवरून आवाज आला. "म्हंजे दोघींनी मिळून मला पेपर होईस्तोवर मारून ठिवलं."

आम्ही दोघी गार. मामांनी डोळ्यांवरची टोपी काढली नव्हती. मग त्यांचं पोट हलायला लागलं. इतके हसले की खोकला लागला, आत्या पाणी आणायला उठल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी टोपी नीट घातली.

"पुढला कवा हाये?"

"ठरलं न्हाई अजून, मामा."

"ठरव. जल्दी ठरव. ह्या बारीला ओट्यावर मी बसतो. लोकाला जिता दिसलो म्हंजे झालं."

मी लॅपटॉप पडवीतच आणला. सिक्युरिटीचं पान उघडलं. राखण कशी करतात ते मला या घरात थोडंफार बघायला मिळालं होतं. हरभरा घाट्यावर येतो त्या आठवड्यातली एक तारीख रिकामी होती, सकाळी अकराची. नाव घातलं आणि नेहमीसारखा हात थांबला.

आत्या सूप घेऊन शेजारी येऊन बसल्या. स्क्रीनवरचं त्यांना काही वाचता येत नाही. तरी बराच वेळ बघत होत्या.

"ह्या बारीला बी उठू नको," त्या हळूच म्हणाल्या. "काय बी आयकू आलं तरी. मी हाये ना बाहेर."

मी बटन दाबलं.